पोटाले चिकटलेला गडवा

केनवड, माघ शुद्ध दशमी, सन १९५५

तीर्थरूप जगदेवमामांच्या पायाशी भाचा शालिग्रामचा दंडवत. इकडे आमी सारे खुशाल. तुमचा खोकला अन् मामीचा गुडघा कसा आहे, ते कळवा.

मामा, तुमी सुचवलेली मुलगी पाहून कालच शेलूबाजारहून आलो. लोक तुमाले काहीबाही सांगतील (लोकायले दुसरा धंदा काय?), म्हणून मीच खरं ते लिहून राह्यलो. मुलीचे वडील नानाजी मोठे अगत्याचे. रोडगे अन् वांग्याची भाजी केली होती. पाव्हण्यानं नाही म्हणू नये, म्हणून मी सहा रोडगे खाल्ले, वरून वाटीभर तूप. मग पोट असं दुखाले लागलं, की मुलगी पाहाची राहिली अन् मी ओसरीवर आडवा झालो.

नानाजीची बहीण चतुराबाई धावून आली. तिनं मले उताणं करून बेंबीवर कणकेचा दिवा लावला अन् वरून तांब्याचा गडवा उपडा घातला. दिवा विझला, गडव्यानं कातडी आत ओढली. बाया म्हणे, गडवा दुखणं ओढते! मले राहवलं नाही. निजल्या निजल्याच समजावलं, की बाई हो, दाब तोच असला तर हवा तापली की फुगते अन् निवली की आकसते, अंशागणिक दोनशे त्र्याहत्तरावा भाग! दिव्यानं हवा फुगून थोडी बाहेर पळाली, उरली ती निवून आकसली, म्हणून गडवा चिकटला. (सातवीच्या पोट्ट्यायले हे तीनदा शिकवलं, तरी विसरतात.)

पोटदुखी थांबली, पण गडवा निघेना. चतुराबाई काढाले आली, तर मीच अडवलं. म्हटलं, शास्त्रानं चिकटला, शास्त्रानंच निघंल. गडव्याच्या बुडावर निखारे ठेवा, हवा फुगंल अन् गडवा आपोआप सुटंल. यात एक अक्षर चूक नाही, मामा. फक्त हवेच्या आधी तांबं तापते, हे पुस्तकात ठळक छापत नाहीत. काठाचा चटका पोटाले बसला तसा मी निखारे उडवत उठलो अन् अंगणातल्या ढोरायच्या हौदात जाऊन बसलो. थंड पाण्यानं हवा आणखी आकसली, गडवा दुप्पट चिकटला! म्हणजे नियम दोन्हीकडून सिद्ध झाला, पण त्याची कदर कोणाले? सारे हसून राह्यले होते.

गडव्यासकट हौदातून बाहेर निघालो, तेवढ्यात सोजर, म्हणजे तीच मुलगी, पदर खोचून आली. काठापाशी बोटानं कातडी दाबली; फस्सकन हवा आत गेली अन् गडवा तिच्या हातात! म्हणे, "मास्तर, भाईरची हवा आत जाऊ द्या लागते. येवढ्यासाठी जाळून कायले घेतलं?" अन् हसली. तत्त्वतः दोघायचंही बरोबर आहे.

तरी माह्या मते घाई नको. मुलगी नाकीडोळी नीटस, पण मास्तरच्याच घरात मास्तरची चूक काढणारी बायको परवडंल काय? आणखी दोन-चार स्थळं पाहू. नानाजीले तूर्त काहीच कळवू नका.

आपला आज्ञाधारक भाचा,
शालिग्राम

ता. क. : आत्ताच समजलं, शुक्रवारी रिसोडचा एक कंपाउंडर तिले पाहाले येऊन राह्यला. वरचा शेवटचा परिच्छेद वाचू नका. पत्र मिळताच गाडी जुंपून शेलूबाजारले निघा.

आणखी ता. क. : कालपासून तिचं ते हसणं डोळ्यापुढून हलत नाही, मामा. मले ती पसंत आहे. मी तिले पसंत आहो काय, हे इचारायची माही हिंमत नाही, तुमीच इचारा. नाही म्हणाली तर मले कळवू नका. दोन दिवस तिथंच मुक्काम करा अन् पुन्हा इचारा.