शेवटच्या खेपेचं गाणं

ढोकी, जि. धाराशिव
फेब्रुवारी

प्रिय हर्षालीच्या आईस,

वरचं वाचून हसू नकोस. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण 'अगं', 'ऐकलं का' आणि फार तर 'हर्षालीची आई' यापलीकडं मी तुला हाक मारलेली नाही. मग कागदावर एकदम दुसरं काय लिहिणार? जावईबापूंच्या कंपनीतले सोमेशराव सुट्टी संपवून लातूरहून परत जपानला निघालेत. त्यांच्याबरोबर बाळाची कुंची आणि शेंगाचटणी पाठवतोय, आणि हे पत्र कुंचीच्या घडीत घातलंय. घडी तूच उलगडणार, कारण लेकीला घडीचं काही सोयरसुतक नाही हे आपल्याला माहीत आहे.

तू म्हणशील, रोज फोन होतो तर पत्र कशाला? अगं, फोनवर तू एकटी कधी असतेस? शेजारी हर्षाली, मागं जावईबापू, मांडीवर नात शिवांजली. मी तोंड उघडलं की सगळे माझ्याकडं बघत बसतात आणि माझी जीभ टाळूला चिकटते. मागच्या रविवारी तू विचारलंस, इथं जपानात पन्नाशीपुढच्या बायकांचा गाण्याचा कार्यक्रम आहे, त्या मलाही म्हणायला सांगतायत, म्हणू का? माझ्या मनात एक होतं आणि तोंडातून भलतंच गेलं. 'बघ तुझं तू,' म्हणालो आणि म्हशीचा विषय काढला. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. संध्याकाळी हर्षालीनं कळवलं, आई नको म्हणाली, या वयात लाज वाटते म्हणाली. नाव घालायला अजून वेळ आहे, हेही तिनंच सांगितलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पण मुद्द्यावर एकदम येणं मला जमत नाही, म्हणून आधी इकडची हालहवाल.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस आणि मी पहिले पंधरा-वीस दिवस तोंड पाडून बसलो होतो. भाकरी माझी मीच थापायचो, ती कुत्र्यालाही विचार करून खावी लागायची. हर्षालीला दया आली असावी. तिनं मोबाइलवर जपानी गाणी पाठवली आणि लिहिलं, बाबा, ही खास तुमच्या वयाच्या माणसांसाठी केलेली गाणी आहेत, उभारी देणारी. माझा विश्वासच बसेना. आपल्याकडं पन्नाशी आली की माणसानं टाळ हातात घ्यावा आणि बाकीची गाणी पोरांना सोडून द्यावीत, असा रिवाज. आणि तिथं म्हणे गुडघे दुखणाऱ्यांसाठी, पोरं लांब गेलेल्यांसाठी, केस पिकलेल्यांसाठी वेगळी गाणी, आणि तीही ढोल-गिटार लावून! मी अर्थ विचारला की ती लिहून पाठवायची. एका गाण्यात एक बाई आहे. पोरं शहराला गेलीत, घर रिकामं, तर ती रडत न बसता सायकल काढते आणि डोंगराचा रस्ता धरते. 'चढ आहे खरा, पण आज वारा पाठीमागून आहे,' असं ती म्हणते. हे वाचलं आणि मी उठून दाढी केली. खरं सांगतो.

मग ते गाणं माझ्या डोक्यातून जाईना. भाषा कळत नाही, पण चाल कळते. उसाची डबल ट्रॉली भरून रस्त्याला लागलो की चढावर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं ना, तिथं मी ते मोठ्यानं लावायचो. ट्रॅक्टरवरचे गाण्याचे दोन मोठे बॉक्स तू कायम नावाजलेस ते शिव्यांनीच, पण यंदा त्यांनी उपकार केले. पहिल्या दिवशी साखर कारखान्याच्या यार्डात रांगेत उभा होतो. माझ्या पुढं आळंदकडचा ट्रॅक्टरवाला महांतप्पा, आपल्या ट्रॅक्टरच्या सावलीत भाकरी खात बसलेला. गाण्याच्या सुरुवातीला बारीक घंटा वाजते आणि बायका हळू आवाजात सूर धरतात. महांतप्पानं भाकरी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडून उभा राहिला. बघता बघता आणखी चार-पाच जण उठले. पायताणंसुद्धा काढली. तेवढ्यात ढोल सुरू झाला! महांतप्पा माझ्याकडं बघून म्हणाला, "बब्रुवानराव, कुठल्या देवाची हाय वो ही आरती? लई जोरात हाय." मी म्हणालो, देवाची न्हाय, आपलीच हाय, पन्नाशीच्या माणसांची. त्याला पूर्ण अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मंग परत लावा की. हात जोडून ऐकलं तर काय बिघडतंय."

तेव्हापासून यार्डात रोज त्या गाण्यांची मागणी. त्यात 'गांबात्ते' असा शब्द सारखा येतो. हर्षाली म्हणते त्याचा अर्थ, नेट लाव, हिंमत सोडू नको. आता कुणाची ट्रॉली चिखलात रुतली की सगळे खांदा लावतात आणि 'गांबात्ते' ओरडतात. मुकादमही ऊसतोडीच्या टोळीला तेच म्हणतो.

म्हशीचंही सांगतो. तू गेल्यापासून ती पान्हा सोडेना. तू धार काढताना गुणगुणतेस त्याची तिला सवय. मी तिला जपानी गाणी ऐकवली, तिनं शेपूट माझ्या तोंडावर मारलं. मग हर्षालीनं एक दिवस तुझा आवाज पाठवला. तुला नकळत तिनं तो टिपला होता. शिवांजलीला न्हाऊ घालताना तू तेच सायकलवाल्या बाईचं गाणं म्हणतेस, सगळं जपानीत! मधेच बाळ किरकिरतं आणि तू म्हणतेस, 'झालं गं माझे बाय, झालं.' मी मोबाइल म्हशीच्या कानाशी धरला. तिनं कान टवकारले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि बादली भरली. मी मात्र गोठ्यातच बसून राहिलो. तू इतकं सुरेख गातेस हे मला म्हशीच्या आधी कळायला हवं होतं.

परवा आपल्या उसाची शेवटची खेप गेली. तुला माहीत आहे, शेवटच्या खेपेला पोरं ट्रॅक्टर सजवतात, गुलाल उधळतात, नाचतात, आणि मी दरवर्षी चहाचा कप धरून कडेला उभा असतो. यंदा मी सांगितलं, गाणी माझी लागणार. ट्रॅक्टरला झेंडूचे हार बांधले, उसाची शेंड्याची हिरवी वाढी गुढीसारखी उभी केली आणि निघालो. यार्डात शिरलो तर महांतप्पा आणि त्याच्या बरोबरीचे सगळे वाटच बघत होते. जे काही नाचलोय आम्ही! कुणाचा गुडघा बांधलेला, कुणाचं पोट पुढं, कुणाचं धोतर सुटायला आलेलं. पोरं कडेला उभी राहून मोबाइलवर चित्र घेत होती. मीही नाचलो. हो, मीच. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा न नाचलेला माणूस.

आता मुद्द्यावर येतो. रागावू नकोस, आणि वाचता वाचता खाली बस. ट्रॅक्टरवर लावायला गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून घ्यायची होती. मी मोबाइल दुकानातल्या गौरीशंकरच्या हातात दिला आणि म्हणालो, यातली जपानी तेवढी सगळी भर. त्यानं सगळी भरली. तुझंसुद्धा भरलं. त्याला बिचाऱ्याला काय, जपानी ते जपानी! आम्ही नाचून घामाघूम झालो, ढोलाचं गाणं संपलं, आणि त्या दोन मोठ्या बॉक्समधून तुझा आवाज आला. ना ढोल, ना गिटार. पाण्याचा तांब्या, बाळाची किरकिर आणि तू. मी बंद करायला धावलो तर महांतप्पानं माझा हात धरला. पोरांनी मोबाइल खाली घेतले. काट्यावर वजन करणारासुद्धा खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत होता. 'झालं गं माझे बाय' आलं तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की ही आपल्याकडचीच कुणीतरी आहे. गाणं संपलं तसं विचारायला लागले, कोण ही बाई? मी म्हणालो, आमच्या घरातली. "असं न्हाय," महांतप्पा म्हणाला, "नाव घ्या!" आणि सगळ्यांनी गिल्ला केला, नाव घ्या, नाव घ्या! लग्नात आत्यानं दार अडवलं होतं तेव्हा मला उखाणा सुचला नव्हता, 'नंतर घेतो' म्हणून मी तुझ्यामागून घरात शिरलो होतो, आणि तू दर दिवाळीला त्यावरून मला चिडवतेस. परवाही यमक जुळलं नाही. पण नाव घेतलं. भर यार्डात, गुलालानं माखलेल्या तोंडानं, मोठ्यानं घेतलं. टाळ्या पडल्या त्या तुझ्या गाण्याला. तेव्हा लाजायचं आता काही कारण उरलं नाही. तू चारचौघांत गाऊन मोकळी झालीस, फक्त तुला ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र. त्या बायकांना आजच्या आज हो म्हणून कळव. स्टेजवर तुला पूर्ण नाव विचारतील, त्यात मधे माझं येतं, तेही बिनउखाण्याचं सांगावं लागेल, त्याची तयारी ठेव. आणि यमक घरी आल्यावर जुळलं, ते आत्याच्या दारात राहिलेलं, तुझ्यासाठी इथं लिहितो:

उसाच्या शेवटच्या खेपेला ट्रॅक्टरला झेंडूचा हार,
कमल गाणार जपानात, अन् ऐकणार सारं शिवार.

तुझाच,
बब्रुवान