माझ्या भावाचं काम

गदग, ता. ९ जून

चिरंजीव विरूपाक्ष, अनेक आशीर्वाद.

इथे सगळे बरे. तुझे धारवाडी पेढे पोचले. घशाखाली उतरेनात, म्हणून शिपायाला देऊन टाकले.

तुझा मुनीमही येऊन गेला. म्हणाला, "हेडबाई, दोनच ओळी लिहा. बाई हौसेनं वर गेली आणि पाय घसरून पडली." हौसेनं! शाळेत पाणी भरणारी हुलिगेव्वा, गुडघे धरून जिना चढणारी. तिला कसली हौस रे?

काल वरच्या गॅलरीत गेले होते. तिच्यासकट जो कठडा खाली आला, त्याच्या शेजारचा छत्रीच्या टोकाने उकरून पाहिला. गुळाची ढेप याहून घट्ट असते. आत गज नावापुरते, स्लॅबमध्ये रोवलेलेच नाहीत. चार दिवस पाणी मारायला माणूस ठेवला नाहीस, पण तुझ्या नावाची पाटी मात्र ग्रॅनाइटची! आणि गवंड्यांची ती पिवळी हेल्मेटं? इंजिनिअर आला की डोक्यांवर, गेला की तुझ्या गाडीत. आप्पा गोठा बांधताना म्हणत, "जनावराला तक्रार करता येत नाही, म्हणून जास्त नीट बांधायचं." तू त्यांचाच मुलगा, हे आता लोकांना पटवून द्यावे लागते.

हुलिगेव्वाला हुबळीच्या दवाखान्यात पाहून आले. कमरेखाली तिला काही जाणवत नाही. पोलिसांना तिने आपणहून सांगितले, "पाय घसरला." मुनीमाने पढवले असेल, असे मलाही आधी वाटले. पण ती मला सांभाळत होती.

तिला वर मीच पाठवले होते, विरू. उद्घाटनाचे तोरण बांधायला. ती वरून म्हणाली, "बाईअव्वा, हे हलतंय हो." सगळ्या मुलींसमोर मी ओरडले, "माझ्या भावाचं काम आहे ते! टेक खुशाल."

ती टेकली.

तुझी मला किळस येते. पण ते वाक्य तुझे नव्हते.

मुनीमाला दोन ओळी हव्या होत्या. आज सकाळी मी ठाण्यात तीन पाने लिहून दिली. त्यात तुझे नाव आहे, आणि माझेही. वरच्या मजल्याला कुलूप घातले आहे. पुन्हा माणूस धाडू नकोस. यायचे तर स्वतः ये, आणि आधी हुबळीला जा.

तुझ्या कामाची ग्वाही देऊन बसलेली,
अक्का