कोठीवाल्यानं केलेलं चिलखत

बाबा, तुमची नात पोलिसात लागली. परवा तिचं दीक्षान्त संचलन झालं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे तिनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोत तुम्ही असे ताठ बसला आहात, जणू फोटोवाल्यानं खिळे ठोकूनच बसवलं. संचलनात तीही तशीच ताठ चालत होती. मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, ती तिसऱ्या रांगेतली माझी. रांग निघून गेली तरी मी सांगतच होते. गर्व करू नये म्हणतात, पण परवा मी तो पोटभर केला. पुढच्या महिन्यात ती पूर्वेकडच्या जंगलातल्या ठाण्यावर जाईल. तिथं गोळी चालते हे मला माहीत आहे आणि तिलाही.

संचलनानंतर मैदानाच्या कडेला मांडव होता. पोरांच्या घरच्यांना पाहता यावं म्हणून बंदुका, ढाली, टोप, सगळं टेबलांवर मांडलेलं. एका टेबलावर गोळी अडवणारं जाकीट होतं. ते पाहिलं आणि मला तुमचं सिंदीतलं स्टेशन रोडवरचं पत्र्याच्या कोठ्यांचं दुकान आठवलं.

मी सातवीत आहे. स्नेहसंमेलनात इतिहासाच्या सरांनी वेगवेगळ्या देशांचे शिपाई उभे करायचे ठरवलेत आणि वर्गात सगळ्यांत उंच म्हणून मला रोमन शिपाई केलंय. बाकीच्या मुलींच्या घरी पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवणं सुरू आहे. मी पुस्तकातलं चित्र तुमच्यापुढे धरते. तुम्ही कोठीच्या झाकणाचा काठ मुडपता मुडपता विचारता, "हा शिपाई लढते का नुसता उभा राह्यते?" मी म्हणते, "लढते." "मंग पुठ्ठ्यानं नाई भागत."

आणि मग तुम्ही तेच केलं जे धान्याच्या कोठ्या करणारा माणूस करेल. माझं माप घेऊन नव्या पत्र्याची एक कोठीच केली. वर मानेला भोक, बाजूला हातांना दोन भोकं, सांधा असा पक्का की उंदीर काय, मुंगीही शिरणार नाही. मी ती घातली आणि जागीच अडकले. बसता येईना, वाकता येईना, हात वर जाईना. दुकानाची पायरी उतरताना पाय दिसला नाही आणि मी आडवी होऊन गडगडत नालीपर्यंत गेले. माय डबा घेऊन आली होती, ती हसून हसून खालीच बसली. "पोरीले कोठीत भरलं वं बाई यायनं!" तुमचं तोंड आधी पडलं. कोठीच्या कामात तुमची चूक कोणी काढली नव्हती. मग तुम्हीही हसलात. मला उभं करून म्हणालात, "धान्य हालत नाई. माणूस हालते. मी इसरलोच."

त्या दिवशी तुम्ही चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. कात्रीनं कोठी कापून तिच्या आडव्या पट्ट्या केल्या आणि त्या आतून चामड्याच्या पट्ट्यांवर रिबिटांनी बसवल्या. वरची पट्टी खालचीवर थोडी चढलेली, छपराचे पत्रे चढवतात तशी. मी वाकले की पट्ट्या एकमेकींत सरकत, ताठ झाले की पुन्हा फाकत. प्रत्येक काठ तुम्ही मुडपला, मला चिरू नये म्हणून. खांद्यांवर मात्र दुहेरी पट्ट्या घातल्या. त्या जड होत्या. "खांद्याचे काढा ना बाबा, मले काचते," असं मी म्हणाले आणि तुम्ही असे भडकलात की हातोडी बाजूला आपटली. "काचू दे! तलवार वरून येते, पह्यले खांद्यावर पडते. हे चमकाले नाई घालत, घरी जित्तं याले घालतात." मी रडले. माय म्हणाली, "पोरगी हाय ते, काय लढाईले चालली का?" तुम्ही खांद्याच्या पट्ट्या काढल्या नाहीत.

स्टेजवर बाकीचे शिपाई पुठ्ठा फाटेल म्हणून श्वास धरून उभे. मी खाली वाकले, भाला उचलला, दोन्ही हात वर केले. खणखण आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. तुम्ही मागे दाराशी उभे होता, दुकानातल्याच कपड्यांत. सर तुमच्यापर्यंत चालत आले. म्हणाले, "मी इतकी वर्षं चिलखत म्हणजे रोमचं वैभव असं शिकवतो. ते अंगावर कसं चालतं हे आज कळलं. तुम्ही इतिहास वाचला का?" तुम्ही म्हणालात, "नाई सर. वाचते तं पोरगी. मी तिचं माप घेतलं." बाबा, बक्षीस कोणाला मिळालं ते मला आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

तर परवा त्या जाकिटाच्या टेबलाशी तुमची नात मला सांगून राह्यली, "आई, हे घालून उन्हात लय उकडते. चालताना आम्ही बाजूचे पट्टे ढिले सोडतो." मी तिच्या साहेबांसमोरच भडकले. साहेबांना म्हटलं, मला घालू द्या. ते हसले, पण त्यांनी दिलं. साडीवर ते जाकीट चढवलं, पट्टे ढिले ठेवले आणि हात वर केला. काखेखाली माझी चार बोटं आत गेली. म्हटलं, "हे पाह्य. इथून काय जाईल?" मग पट्टे आवळले. वाकले, बसले, उठले, सगळं करता आलं. बोट शिरेना. साहेब म्हणाले, "बाई, हे आम्ही यांना वर्षभर सांगतोय. तुम्ही कुठं शिकलात?" म्हटलं, "माहे बाबा कोठ्या करत." पोरगी लाजून लाल झाली. पण थोड्या वेळानं पाहिलं तर आपल्या दोन मैत्रिणींच्या काखेत बोटं घालून ती तेच सांगत होती, "माह्या आबांनी रोमन चिलखत केलतं, तुमाले माहीत हाय का?" जिनं तुम्हाला पाहिलं नाही ती तुमच्याबद्दल अशी बोलत होती, जसं काही पत्रा तिच्याच मापानं कापला होता. मला तिचाही अभिमान वाटला आणि तुमचाही, कोणाचा जास्त ते सांगता येणार नाही.

मांडवात सगळे म्हणाले, आई असावी तर अशी, धीराची. मी मान डोलावली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मागच्या वर्षी तिच्या नेमणुकीचा कागद आला तेव्हा ती मैदानावर पळायला गेली होती. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि मी ते दोन दिवस माझ्या साडीच्या घडीत लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पोस्टमन आलता का वं आई?" मी म्हटलं, "आत्ताच येऊन गेला." तिनं पाकीट फोडलं आणि माझ्या पाया पडली. तुम्ही समोर असता, तर तुम्हालाही हे सांगितलं नसतं.