सोळा इंची चाकांची वाटणी

जय भीम.

मी, मुक्ताबाई निवृत्ती ओव्हाळ, वय ५२, धंदा मजुरी व शेळ्या, राहणार पाली, ता. जि. बीड, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. नशापाणी नाही. कोणी धमकावलेलं नाही. मला धमकावील असं माणूस आमच्या घराण्यात अजून निपजलेलं नाही. शिक्षण चौथी. अक्षर माझंच, ज्याला लागत नाही त्यानं चष्मा घ्यावा.

सोमवारी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर साधं आहे म्हणतात. पण माझा दीर सतीश मला बघायला आला तो आधी अंगणातल्या गाडीभोवती चकरा मारून, टायरला लाथा घालून मग आत आला, आणि तब्येत विचारली तीही खिडकीतून गाडीकडंच बघत. तेव्हाच ठरवलं, कागद करायचा.

कलम १. राहतं घर, पत्र्याच्या दोन खोल्या, मुलगा पवन याला. तो पुण्यात राहतो आणि इथं आला की नाक मुरडतो. मुरडू द्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हात लावायचा नाही, बाकी भिंतींना काय फासायचं ते फासावं.

कलम २. शेळ्या नणंद अंजलीला. तिनं माझ्याशी कैक वर्षं अबोला धरलाय. शेळ्याही बोलत नाहीत, जमेल त्यांचं.

कलम ३. माझ्या पुण्यानुमोदनाला साधा वरणभात. आजारपणात जे चहालासुद्धा आले नाहीत, त्यांना जेवायला बोलावू नये.

कलम ४. आता गाडी. माझ्या मयत मालकांची पिकअप, हिरवी, जुन्या जीपच्या बांध्याची, आमच्या लग्नाच्या आधीची. तिची चाकं मूळची, पहिल्या दिवसापासूनची: सोळा इंची लोखंडी डिस्क, पाच बोल्ट, टायर ६.००-१६. बाजारात सहाशे-सोळा म्हणतात. टायरची रुंदी सहा इंच. लोक हसायचे, गाडीला सायकलची चाकं लावलीत म्हणायचे. मालक ऐकून घ्यायचे आणि गाडी पुसायचे.

दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीवर निघते. वस्तीतून गावात शिरताना एक अरुंद वळण आहे. एका अंगाला गावातल्या बड्या घरच्या अमरसिंहांचा ओटा, दुसऱ्या अंगाला दगडी भिंत. मालक होते तोवर गाडी तिथं एका दमात वळायची.

ते गेले. पुढच्या जयंतीला सतीशनं मला न विचारता स्टेपनीसकट मूळ पाचही चाकं बीडच्या एका टायरवाल्याला देऊन टाकली आणि चार चौडे टायर, चमचम करणाऱ्या डिस्क बसवून आणल्या. गाडीत रुबाब पाहिजे म्हणे. वळणावर स्टेअरिंग पुरतं मुरगाळायला गेला तर चौडा टायर आतून स्प्रिंगच्या पाट्याला टेकला. चाक पुढं वळेचना. मागं घ्यावी तर मागं सगळी वस्ती. ओट्यावरनं अमरसिंह म्हणाला, "निवृत्तीची गाडी लई शिकली दिसती. आता वळंना."

ते मी गिळलं असतं. अशा माणसांचं गिळतच आलोत. पण सतीश सगळ्यांसमोर म्हणाला, "दादानंच स्टेअरिंगचं वाटोळं करून ठेवलंय." मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून. प्रतिमा आम्ही बायकांनी उतरवून हातावर नेली.

माझी मुलगी दीपमाला पांढऱ्या साडीनिशी गाडीखाली शिरली. ग्रीस माखून बाहेर आली आणि मला म्हणाली, "आई, गाडीला काय झालं न्हाई. चाक आपलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बीडला. टायरवाला म्हणाला, मावशी, भंगार हाय ते. मी म्हणाले, मग मीही भंगारच समज, आणि दुकानाच्या उंबऱ्यात बसले. बाईला ओलांडून गिऱ्हाईक आत जाईना. दुपारच्या आत पाचही चाकं मिळाली. चौडी मात्र परत घेईना, ओरखडे पडलेत म्हणे. ती घराच्या मागं पडून आहेत.

कलम ५. गाडी, मूळ पाच चाकं, पाना व चाक खोलायची टॉमी दीपमालाला. तिला तिच्या बापानं चालवायला शिकवली आहे. पवन म्हणतो, ती लग्न होऊन जाईल, गाडी पाहुण्यांच्या दारात जाईल. जाऊ दे. तू पुण्याला गेलास तेव्हा कोणी अडवलं? टायर झिजले तर नवे घ्यावेत, पण सहाशे-सोळाच. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा नंबरही हाच. दुकानदार तो गळ्यात मारील, घेऊ नये, तो शेताचा आहे, रस्त्याचा नाही.

कलम ६. चौडी चार चाकं सतीशला, अटीवर. येत्या चौदा एप्रिलला दीपमाला गाडी चालवील. सतीशनं ओट्याच्या अंगाला उभं राहावं. गाडी एका दमात वळली की अमरसिंहांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं, "दादाचं स्टेअरिंग बरोबर होतं." म्हणाला तर चाकं उचलावीत. नाही म्हणाला तर अंजलीनं त्यांना शेळ्या बांधाव्यात.

कलम ७. मी ऑपरेशनातून उठले तरी कलम ६ रद्द होणार नाही. त्या दिवशी मी गाडीत पुढं बसून ऐकणार आहे.

साक्षीदार:
१. आश्रुबा ओव्हाळ, शेजारी. (याला जॅक लिहून द्यायचा होता. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून आजच हातात दिला.)
२. राधाकिशन मुळे, किराणा दुकान.

सही: मुक्ताबाई निवृत्ती ओव्हाळ
ठिकाण: पाली. दिनांक: ७ मार्च २०२५