पंचांचा पालथा हात

ताइचुंग, शनिवार

प्रिय ताताय,

तुमचा हात इथूनच कपाळाला लावते. आम्ही जिंकलो! गुडघा ठीक आहे, बर्फ लावते ते आपलं सवयीने.

सामन्याआधी गंमतच झाली. म्हाताऱ्या पंचांनी हात मिळवायला पुढे केला आणि मी आपल्याकडे थोरामोठ्यांचा आशीर्वाद घेतात तशी वाकून तो कपाळाला लावला. मागून अख्ख्या संघाने रांगेत तेच केलं! पंच लाजून लाल.

पहिल्याच डावात त्यांनी मला बाद दिलं. संघातली आमची जोवेलिन खिदळली, "बाई, तुम्हीही वर्गात हेच करता. नमस्कार घेता आणि नापासही करता!"

शेवटी माझ्याच फटक्यावर विजयी धाव निघाली. निघताना पंच जवळ आले आणि आपणहून हात पालथा करून पुढे धरला.

माझी चौथीची पोरं माझ्या जागी शिकवणाऱ्या लायसाला छळत नाहीत ना? त्यांना सांगा, बाई सॉफ्टबॉलचा करंडक घेऊन येतायत.

तुम्ही हाताचे व्यायाम करताय ना? सोमवारी पोचते. उजवा हात अजून उचलवत नसेल तर राहू दे मांडीवरच. मी गुडघे टेकून वाकेन.

तुमचीच लेक,
रोवेना