महादूबुवांवर रेकॉर्ड

१२ डिसेंबर १९५७
काल देवळात जत्रेची डबलबारी, दोन भजनीबुवांचा सामना. समोर महादूबुवा. माझी बारी रंगली होती, पब्लिक डोलत होतं. मग त्यांची पाळी. म्हाताऱ्याने टोमण्यांच्या गजरात माझ्याकडे बोट करून विचारलं, "आमचो दत्ताराम पेटी वाजवता, की पेटीच तेका वाजवता?" सगळं मालवण हसलं. आनंदीसुद्धा हसली. बायको म्हणवते!
मी उत्तर दिलं नाही, कारण घसा बसला होता. उत्तर आज सकाळी न्हाणीत सुचलं. जबरदस्त आहे. पण बारी संपली.

१३ डिसेंबर
झोप नाही. बदला घेणार.

३ फेब्रुवारी १९५८
आयडिया! रेकॉर्ड काढायची. बारीत बोललेलं वाऱ्यावर जातं, शिवाय समोरचा उलटून बोलतो. रेकॉर्डला उलटून कोण बोलणार? पिन ठेवली की महादूबुवांची इज्जत गेली. पुन्हा ठेवली की पुन्हा गेली. लग्नात, मुंजीत, चहाच्या हॉटेलात.
मावसभाऊ भाई मुंबईला रेकॉर्डच्या कंपनीत पॅकिंगला आहे. त्याने साहेबांना गळ घातली. साहेब हो म्हणाले. कोकणी भजनाची रेकॉर्ड त्यांच्याकडे नाही. म्हणजे मी पहिला.

२ मार्च
गजर तयार. सिनेमाची चाल, वर ट्रम्पेट. भजनात ट्रम्पेट आजवर कोणी घातलेला नाही. शेवटच्या कडव्यात म्हाताऱ्याची कवळी उडून मृदंगावर पडते आणि समेवर वाजते. लिहिताना मीच हसत होतो.
नमन तेवढं जुनंच. गणपती, शारदा, ग्रामदेवता, मग गुरूचं नाव. त्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही ही रीत. आता माझ्या नमनात गुरू म्हणून महादूबुवा येतात. दहाव्या वर्षी त्यांनी मला पेटीपुढे बसवलं, तेव्हापासून तोंडात बसलंय. रीत म्हणून म्हणायचं, मनात घ्यायचं नाही. पटकन उरकतो मी.

१७ एप्रिल, मुंबई
फत्ते! स्टुडिओ थंडगार. ट्रम्पेटवाला गोव्याचा, नोटेशन बघून वाजवतो, पण दमाचा. साहेबांनी सांगितलं, लाल दिवा लागला की सुरू, विझला की बंद. एका बाजूला तीन मिनिटं. मी म्हटलं, भरपूर झाली.
नमन केलं, गजर घेतला. त्यात मध्येच कधीतरी दिवा विझला. मुंबईतसुद्धा वीज जाते म्हणायची! मी थांबलो नाही. खरा कलाकार दिव्यासाठी गात नाही. कवळीपर्यंत सगळं खणखणीत म्हटलं. साहेब काचेपलीकडून हात हलवून दाद देत होते.
मग दुसरी बाजू. दुसरी बाजू म्हणजे दुसरी बारी, तेव्हा पुन्हा नमनापासून सुरुवात. रीत ती रीत. पुन्हा ट्रम्पेट, पुन्हा गजर. पुन्हा वीज गेली.
भाईचं म्हणणं, मी दिवा विझल्यावर बराच वेळ गात होतो. पॅकिंगवाल्याला गाण्यातलं काय कळतं?

२० मे
पहिली खेप बोटीने आली. भाईने आमच्या गावच्या काशीबाईकडे ट्रंकेत घालून दिली होती. बोटीवरून लहान पडावात उतरल्यावर बाई धक्क्यापर्यंत त्या ट्रंकेवरच बसून आली. ट्रंक उघडली तर आत रेकॉर्डचे नुसते खापरासारखे तुकडे.
काशीबाई महादूबुवांच्या वाडीतली. मी काय ते समजलो.

११ जून
बोटी बंद. आता पावसाळा संपेपर्यंत रेकॉर्ड मुंबईत, मी इथे आणि महादूबुवा मजेत. आज बाजारात भेटले. खोकत होते. तब्येत सांभाळा म्हटलं. मनापासून म्हटलं. रेकॉर्ड ऐकेपर्यंत त्यांना काही होता कामा नये.

९ ऑक्टोबर
दुसरी खेप. एकही फुटलेली नाही! पण लेबलवर कुठल्याशा शहनाई पार्टीचं नाव. अपमान! तशीच परत पाठवली. आनंदी म्हणाली, "अवो, आधी एकदा आयकान तरी बघा." लाउडस्पीकरवाल्या बाळाकडे मशीन आहे, तो घरी आणून लावेल म्हणे. मी नाही म्हटलं. पहिला वार चारचौघांत झाला पाहिजे. घरात वाजवली आणि बातमी फुटली, तर म्हातारा जत्रेच्या दिवशी आजारी पडेल.

२६ नोव्हेंबर
तिसरी खेप. लेबलवर झळझळीत अक्षरं: दत्ताराम आणि पार्टी, मालवण. रात्री उशाशी घेऊन झोपलो. आनंदी बाजूच्या वळईत जाऊन झोपली.

२८ नोव्हेंबर
जत्रेत संध्याकाळी रेकॉर्ड लावायची. बाळाला चार कर्णे बांधायला सांगितलंय, एक थेट महादूबुवांच्या घराच्या दिशेने. म्हणजे सुनांनाही ऐकू जाईल.
आमंत्रण द्यायला स्वतः गेलो. बुवा खाटेवर. आताशा पेटीवर बोटं चालत नाहीत म्हणाले. मला जरा कसंतरीच झालं. मग मागची जत्रा आठवली आणि बरं वाटलं. पहिल्या रांगेत लोडाची सोय करतो, नक्की या, असं सांगून आलो.

१ डिसेंबर, दुपार
पब्लिक प्रचंड. वेंगुर्ल्याहूनही लोक आलेत. बुवा आले, नातवाचा खांदा धरून. बसले. बसा, बसा.

१ डिसेंबर, संध्याकाळ
बाळाने पिन ठेवली. गणपती झाला. शारदा झाली. ग्रामदेवतेला लोकांनी हात जोडले. ट्रम्पेट वाजला, पब्लिक येडं झालं. मग माझा आवाज, चारी कर्ण्यांतून:
"हाती पेटी, ओठी सूर दिला ज्याने,
महादूबुवांपुढे नमतो आदराने."
आणि खर्र खर्र. संपली.
गजर मागच्या बाजूला असेल, असं मी ओरडून सांगितलं. बाळाने उलटी केली. गणपती. शारदा. ग्रामदेवता. ट्रम्पेट. महादूबुवा. खर्र खर्र.
लोकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. बुवा उठले. मला वाटलं, आता हाणतात. गळ्यात पडले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "दत्तारामा, माका असो मान कोणी देवक नाय रे. दोनी बाजूंक माझाच नाव घातलंस!"
मीही रडलो. लोकांना वाटलं, गुरुप्रेम. मला कडव्यांचं दुःख होतं. बरंचसं कडव्यांचंच.

१५ डिसेंबर
खेप संपली. हॉटेलात सकाळ-संध्याकाळ माझी रेकॉर्ड वाजते. बुवांच्या घरी दिवसातून चारदा. कर्ण्याची गरजच नाही, वाऱ्याने आमच्या पडवीपर्यंत ऐकू येतं. गावभर फिरून म्हातारा सांगतो, माझ्यामागे बुवा म्हणून दत्तारामाकच मान द्या. स्वतःची पेटीही माझ्याकडे पाठवून दिली. आता या माणसाशी बारी करायची तरी कशी?

४ जानेवारी १९५९
कंपनीला दुसरी रेकॉर्ड हवी! आता सोडत नाही. ठरलं: पहिल्या सेकंदापासून गजर. कवळी सुरुवातीलाच. नमन घरी करून जायचं. रोज प्रॅक्टिस.

५ जानेवारी
सकाळी पहिली रिहर्सल. आनंदीला तीन मिनिटं मोजायला घड्याळ घेऊन समोर बसवलं. बुवांची पेटी पुढे ओढली. गजर काढायला तोंड उघडलं, पण हात काही पट्ट्यांवर जाईना. पेटी त्यांची, आणि नमनाशिवाय हात लावायचा? म्हटलं, एवढं एकदा उरकून टाकू.
गणपती, शारदा, ग्रामदेवता घेतली. डोळे मिटून बुवांच्या नावापर्यंत आलो. आज तिथे एक नवी तान आपोआप निघाली, मग ती पुन्हा घेतली.
आनंदी म्हणाली, "दिवो इझलो."