काचेला पडदे

४ जुलै

चि. भिंगरीस, अ. आ.

तू कॉलेजच्या क्रीडागृहात व्हॉलीबॉल खेळतेस हे बाबांना कळलं. शेजारच्या वकिलांचा मुलगा तिकडे आला होता, त्याला रस्त्यावरून काचेतून दिसलीस. बाबा ओरडले नाहीत. सगळ्या जगाला दिसेल असं नाचायचं नाही, एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. मलाही धास्ती वाटते. तूर्त थांब. गुडघ्याला लागलं होतं ते बरं आहे का?

रागावलीस तरी लोभ असू दे.
दादा

११ जुलै

ती. दादास, सा. न. वि. वि.

थांबले. राग नाही, काहीच नाही. खेळून आलं की भूक लागायची, आता घड्याळ बघून जेवते.

खोलीतली मैत्रीण परदेशातली. तिच्या घरी खेळायला कुणाची ना नाही, पण इथे तिला कुणी संघात घेत नाही. नियम माहीत नाहीत म्हणून हसतात. शेजारच्या खोलीतली डोकं झाकते. काचेबाहेर मुलगे उभे असतात, म्हणून दारातूनच परत फिरते. तू शिंप्याकडे काम करतोस ना, मग झाक की एवढी काच! आमच्या खेळाच्या बाई हो म्हणाल्यात. माप मागच्या बाजूला लिहिलंय.

तुझी भिंगरी (सध्या बंद)

२ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. आ.

पडदे पाठवलेत. मास्तरांनी दुकानातलं उरलेलं जाड कापड दिलं. म्हणाले, नवरीचा ब्लाउजसुद्धा तू इतका जीव ओतून शिवला नव्हतास. शिवण दुहेरी आहे, ओढून बघ. आता बाहेरून काही दिसणार नाही, असं बाबांना सांगितलं. ते पेपर उघडून बसले. खेळ.

दादा

१० ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

डोकं झाकणारी पहिल्याच दिवशी आली. तिची सर्व्हिस बघून बाईंनी आ वासला. परदेशातलीला आम्ही दोघींनी मध्ये घेतलं. चेंडू तिच्या नाकावर बसला तरी हसत होती. मीही हसले.

भिंगरी (चालू)

१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. आ.

सरळच लिहितो. बाबा म्हणाले, आधी निदान दिसत तरी होतं, आता पडद्याआड काय चालतं कुणास ठाऊक. खेळ बंद, नाहीतर कॉलेज बंद. मी म्हणालो, पडदे मी शिवलेत. मग तूच सांग आत काय चालतं, म्हणाले. मी येऊन आत बसू का? पाहून सांगेन.

दादा

२३ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू आत बसलास तर डोकं झाकणारी येणार नाही. आणि तू पाहून सांगितलंस तरी बाबा दुसरं काही काढतील. मला वाटलं होतं, अडचण काचेची आहे.

मी सोडलं. पडदे काढू नका म्हणून बाईंना सांग, असं लिहू नकोस. त्या दोघींसाठी ते राहणारच आहेत. चेंडूचा आवाज इथवर येतो. मी खिडकी लावून घेते.

भिंगरी

३० ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. आ.

बाबांना सांगितलं. पोर शहाणी आहे, म्हणाले. मी हो म्हणालो.

लोभ ठेवणार आहेस का, तेवढं कळव.
दादा